उन्हाळ्यात बायोलॉजीचा कोणता विषय घ्यावा?

बघा, गडहिंग्लजमधल्या बीएस्सीच्या मुलांपुढे प्रश्न असा असतो: सुट्टीचे सहा आठवडे आहेत, तर जेनेटिक्स करू, बायोकेमिस्ट्री करू की इकॉलॉजी? मित्रानं काय घेतलंय, यावर ठरवू नका.

आधी हिशोब करा. चार क्रेडिटची थिअरी म्हणजे 60 तास. 15 आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 4 तास होतात. सहा आठवड्यांत बसवायचे तर 10. तास वाढवता येतात हो, पण सजीव काही आपल्या वेळापत्रकानं वाढत नाहीत.

फळमाशीची एक पिढी 25 अंश सेल्सिअसला साधारण 10 दिवसांत तयार होते. संकर करून दुसरी पिढी मोजायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे जेनेटिक्स बसतं. मात्र खोली थंड हवी, कारण तापमान तिशीला पोचलं की नर वांझ होऊ लागतात. बायोकेमिस्ट्री तर सहज बसते; एन्झाइमचा प्रयोग एका दुपारी होतो. पुढे मॉलिक्युलर बायोलॉजी किंवा इम्युनॉलॉजी घ्यायची असेल, तर पायाही तोच.

आता इकॉलॉजी. आपली हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या सड्यांवरची फुलं आणि बेडूक बघायला पाऊसच लागतो. मे महिन्यात हा विषय म्हणजे नुसतं पुस्तक. तो पावसाळी सत्राला ठेवा.

तेव्हा नाव नोंदवण्याआधी प्रात्यक्षिकांची यादी मागा. यातलं मे महिन्यात प्रत्यक्ष किती होणार, हे विचारा. नाहीतर गुणपत्रिकेवर क्रेडिट येतील, हाताला काम येणार नाही.