कॉल ऑफ द व्हॅली (ध्वनिमुद्रिका)

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा (संतूर), ब्रिजभूषण काबरा (गिटार) आणि हरिप्रसाद चौरसिया (बासरी) या तीन वादकांनी मिळून वाजवलेली हिंदुस्तानी संगीताची ध्वनिमुद्रिका आहे. एच.एम.व्ही. या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या ग्रामोफोन कंपनीने ती १९६७ साली प्रकाशित केली. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची असून निर्मिती जी. एन. जोशी यांची आहे. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या क्रमातून उभा करणे ही या तबकडीमागची मध्यवर्ती कल्पना होय.

ही ध्वनिमुद्रिका बहुधा संतूर आणि बासरी यांच्या संदर्भात आठवली जाते. तथापि तारेवर पोलादी कांडी सरकवून वाजवायच्या गिटारीला, म्हणजेच स्लाइड गिटारीला, रागसंगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारे मोठे ध्वनिमुद्रणही हेच आहे. प्रस्तुत लेखात त्या बाजूचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

== सरकत्या स्वराची गिटार ==

सर्वसाधारण गिटार उभी धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा पडद्यांवर दाबून स्वर काढतात. स्लाइड गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात, त्यामुळे पडदे असून नसल्यासारखे होतात. डाव्या हातातील कांडी तारेला नुसती टेकवून पुढेमागे सरकवली की स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सलग वाहत जातो. मधला एकही कण गळत नाही. आपल्याकडे हिला पूर्वीपासून ‘हवाईयन गिटार’ म्हणतात, कारण हे तंत्र प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरून जगभर गेले. जोसेफ केकुकू या हवाईच्या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते रूढ केले, असे परंपरेने मानले जाते.

भारतीयांना हे तत्त्व मात्र अपरिचित नव्हते. उत्तरेतील विचित्रवीणा काचेचा गोळा तारांवरून फिरवून वाजवतात आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्य, म्हणजेच चित्रवीणा, हीदेखील त्याच जातीची. वाद्य परके असले तरी त्याची चाल आपल्या ओळखीची होती, असे म्हणता येईल.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय गायकांनी हेच तंत्र वेगळ्या वाटेने आपलेसे केले. कोणी चाकूचे पाते, तर कोणी बाटलीची तोडलेली मान बोटात घालून तारेवर सरकवी. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर या रेल्वेस्थानकावर एक फाटक्या कपड्यांचा माणूस सुरीने गिटार वाजवताना ऐकला. ब्लूज संगीताच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. १९२३ साली सिल्व्हेस्टर वीव्हर याने अशा वादनाच्या तबकड्या मुद्रित केल्या. १९२७ ते १९३० या काळात टेक्सासचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याने कोलंबिया कंपनीसाठी ३० गीते मुद्रित केली. त्याची गीते भक्तिपर असली तरी वादनशैली ब्लूजची आहे. त्यांपैकी एका गीतात शब्द नाहीतच. गायक नुसता हुंकार देतो आणि गिटार त्याच्या सुराला सूर लावून कण्हते.

ब्लूजमधील गंधार आणि निषाद हे पियानोच्या पट्ट्यांत नेमके बसत नाहीत. ते कोमल व शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतात. कांडीने वाजवणाऱ्यास ती मधली जागा सापडते, पडद्यावर बोट दाबणाऱ्यास सहजी सापडत नाही. आपल्या रागसंगीतात श्रुती आणि मींड यांचे जे स्थान आहे, त्याच्याशी हे सख्य दुरून का होईना जुळते. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवर पृथ्वीच्या संगीताची एक सुवर्णलेपित तबकडी ठेवली आहे. तिच्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि तिच्या पाठोपाठ लगेच ब्लाइंड विली जॉन्सनचे ते शब्दाविण गीत आहे. दोन्ही मुद्रणे जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर याहून जास्त मावतच नसे. (‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.)

== ब्रिजभूषण काबरा ==

काबरा यांचा जन्म १९३७ साली जोधपूर येथे झाला. घरात संगीत होते. वडील गोवर्धनलाल हे सतारीचे जाणकार, तर वडीलबंधू दामोदरलाल हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोद शिकलेले शिष्य. ब्रिजभूषण यांना हवाईयन गिटारीचा नाद लागला तो कलकत्त्यात. त्या शहरात या वाद्याची मुळे जुनी होती. ताऊ मो हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात तेथे काही वर्षे राहिले होते आणि त्यांच्यामुळे अनेक बंगाली घरांत ही गिटार शिरली. मुंबईत व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारीवर वाजवून त्यांच्या तबकड्या लोकप्रिय केल्या. थोडक्यात, त्या काळी भारतात गिटार म्हटली की सिनेमाची चाल किंवा हॉटेलातले संगीत असाच अर्थ होई.

वडिलांनी मुलाला गिटारीची परवानगी दिली ती एका अटीवर, असे सांगितले जाते. तिच्यावर वाजवायचे तर शास्त्रीय संगीतच वाजवायचे. मुलाने ती अट पाळली. अली अकबर खाँ यांनी त्यांना शिकवले. गुरूचे वाद्य सरोद असणे हे येथे फार उपयोगी पडले, कारण सरोदलाही पडदे नसतात. धातूच्या गुळगुळीत पट्टीवर नखाने तार दाबून बोट सरकवायचे असते. सतारीत मींड काढताना पडद्यावरची तार आडवी ओढावी लागते आणि त्या ओढीला काही स्वरांची मर्यादा पडते. सरोदाची घसीट मात्र तारेच्या लांबीतून जाते. गिटारीच्या कांडीची चालही तशीच आहे.

काबरा यांनी ‘गिब्सन सुपर ४००’ या अमेरिकन बनावटीच्या गिटारीत फेरफार केले. तारा उचलण्यासाठी उंच घोडी बसवली आणि षड्ज सतत झणकारत राहावा यासाठी चिकारीसारखी एक तार जोडली. सतारीला वा सरोदला असतात तशा तरफा त्यांनी लावल्या नाहीत. त्यामुळे त्यांचा स्वर काहीसा उघडा आणि जाड वाटतो. हाच त्यांच्या वादनाचा ओळखीचा गुण आहे. या वाद्यात एक धोकाही आहे. कांडी सतत सरकू शकते म्हणून ती सतत सरकवण्याचा मोह होतो आणि मग राग गोड पण निराकार होऊन बसतो. कांडी कोठे थांबवावी हेच शिकण्यास वर्षे लागतात. काबरा यांच्या वादनात हे थांबणे स्पष्ट ऐकू येते.

== निर्मिती ==

निर्माते जी. एन. जोशी हे स्वतः गायक. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गाऊन मुद्रित केली आणि मराठी भावगीताच्या युगाची सुरुवात तेथून मोजली जाते. पुढे वकिलीची वाट सोडून ते मुंबईत एच.एम.व्ही. कंपनीत आले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी थोर गायक-वादकांची ध्वनिमुद्रणे करवली. या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या आहेत. रानात घुमणाऱ्या शिळेच्या गीताने ज्यांचे नाव झाले, त्यांच्याच हातून पुढे मेंढपाळाच्या दिवसाची तबकडी तयार व्हावी, हा योगायोग मराठी वाचकास लक्षात ठेवण्याजोगा वाटेल.

१९६७ साली तिघेही वादक तिशीच्या आसपासचे होते आणि तिघांच्याही वाद्यांना मैफलीत पक्की बैठक मिळालेली नव्हती. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातले वाद्य. शिवकुमार शर्मा यांनी १९५५ साली मुंबईत ते शास्त्रीय मंचावर आणले, तेव्हा त्यात मींड निघत नाही हा आक्षेप सर्वांत मोठा होता. बासरीला पन्नालाल घोष यांनी ख्यालाच्या तोडीची केली होती, परंतु १९६० साली त्यांचे निधन झाले होते. गिटार तर परदेशीच. अशी तीन वाद्ये एकत्र आली, हे विशेष.

दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीच्या, म्हणजे एल.पी.च्या, एका बाजूला सुमारे वीस मिनिटे मिळत. त्यामुळे राग थोडा श्वास घेऊ शके. जोशी आणि वादकांनी या अवकाशाचा उपयोग एकच राग विस्ताराने मांडण्याकडे न करता एका कथेच्या बांधणीकडे केला. जुगलबंदीतील चढाओढ येथे नाही. वादक एकमेकांकडून वाक्य घेतात आणि पुढे नेतात.

== रागांचा क्रम ==

आरंभ अहिर भैरव व नट भैरव या जोडीने होतो. पहिल्यात कोमल रिषभ आणि कोमल निषाद, दुसऱ्यात रिषभ शुद्ध होतो आणि धैवत कोमल. पहाटेचा अंधुक प्रकाश उजळत जावा तसा हा बदल कानाला लागतो. त्यानंतर पिलू येतो. पिलू हा ठुमरीच्या अंगाचा, अनेक स्वरांना सामावून घेणारा राग असून तो दिवसाच्या उतरत्या प्रहराशी जोडला जातो. दुसऱ्या बाजूवर संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि अखेरीस पहाडी आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे पाचच स्वर उरतात. त्यांत लपायला जागा नसते आणि कांडी किंचित जरी चुकली तरी ते चटकन कळते. देसात दोन निषाद येतात, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. पहाडी हा धुनेच्या अंगाचा, डोंगराळ भागातील लोकसंगीताशी नाते सांगणारा राग आहे. काश्मीरच्या कथेचा शेवट त्यात होणे स्वाभाविकच होते.

नवख्या श्रोत्यास तीन वाद्ये वेगळी ओळखणे सुरुवातीस अवघड जाते. त्यासाठी एक साधी खूण सांगता येईल. ज्या स्वराला आघात आहे पण जो नंतर जागचा हलत नाही, तो संतूरचा. जो आघाताशिवाय, फुंकरीतून उमटतो आणि वळतो, तो बासरीचा. ज्याला आरंभी तार छेडल्याचा आघात आहे आणि त्या आघातानंतर जो वाकत, लांबत, दुसऱ्या स्वरापर्यंत जातो, तो गिटारीचा. संतूरला न जमणारी मींड तीच भरून काढते, आणि तिचा आवाज बासरीपेक्षा खालच्या, भरदार पट्टीत राहत असल्याने गायकाच्या गळ्याची उणीव भासत नाही.

या तबकडीवर आक्षेपही घेता येतो. एकेका रागास मिळालेला वेळ थोडा आहे. आलापीतून स्वरास्वराने राग उलगडण्याची जी पद्धत मैफलीत असते, तिला येथे वाव नाही. केवळ हीच तबकडी ऐकून राग समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच रागांतील ख्यालगायन जोडीला ऐकावे हे बरे. मात्र ज्यांच्या कानावर रागसंगीत कधी पडलेच नव्हते, अशा असंख्य घरांत ते प्रथम या तबकडीने नेले, हेही तितकेच खरे.

== नंतरचा काळ ==

ध्वनिमुद्रिका देशात खपलीच, शिवाय पाश्चात्त्य देशांतही ती पोहोचली. पंडित रविशंकर यांच्यामुळे तेथील तरुणांत भारतीय संगीताविषयी कुतूहल जागे झाले होते, तोच हा काळ. तिच्या चाहत्यांत बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांचे नाव घेतले जाते. १९९५ साली ती अधिकच्या मुद्रणांसह सी.डी.च्या रूपात पुन्हा निघाली.

शर्मा आणि चौरसिया यांनी पुढे ‘शिव-हरी’ या जोडनावाने ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’ (१९८९) इत्यादी हिंदी चित्रपटांना संगीत दिले आणि त्यांची नावे सर्वतोमुखी झाली. काबरा अहमदाबादेत राहिले, वाजवत राहिले, शिकवत राहिले. चित्रपटाकडे ते वळले नाहीत. आज या तबकडीचा उल्लेख करताना अनेकजण दोनच नावे घेतात; मुखपृष्ठावर तिसरे नाव तितक्याच ठळकपणे आहे. १२ एप्रिल २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे शिष्य कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी तरफा असलेली ‘चतुरंगी’ नावाची गिटार तयार केली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला अशाच तारा जोडून ‘मोहनवीणा’ घडवली. भट्ट यांनी अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासह ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका केली आणि १९९४ साली तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मुद्रणापूर्वी दोघांची ओळखही जेमतेम होती. याच कूडर यांनी १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाचे पार्श्वसंगीत ब्लाइंड विली जॉन्सनच्या त्या शब्दाविण गीताच्या आधारे रचले होते.