मणक्यातला 'गॅप'

शिक्षक-खोलीत दुखण्याखुपण्याच्या गप्पा निघाल्या, की कोणीतरी हमखास म्हणते, "माझ्या मणक्यात गॅप आहे." गंमत अशी, की मणक्यांमध्ये गॅप सगळ्यांनाच असतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. साध्या क्ष-किरण चित्रात हाड पांढरे दिसते, चकती दिसत नाही. त्यामुळे तिथे मोकळी जागा आहे असे वाटते. चकती झिजली की ही जागा कमी होते. म्हणजे डॉक्टर सांगतात "गॅप कमी झाला आहे" आणि आपण घरी येऊन सांगतो "गॅप पडला आहे"!

आमचे एक सहकारी, गणिताचे शिक्षक, असाच एक मोठा लिफाफा घेऊन आले होते. कंबर आठ महिने दुखत होती. महिन्याभरापासून डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत कळ जात होती. एम.आर.आय.च्या अहवालात लिहिले होते की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर आली असून नस दबली आहे. एकाने सांगितले, ताबडतोब ऑपरेशन करून घ्या. दुसऱ्याने सांगितले, वजन लावा आणि पट्टा बांधा. शेजारच्या आजींनी पायाळू माणूस शोधायला सांगितले. तिघांकडेही बरे झालेल्या माणसांची उदाहरणे होती, आणि ती खोटी नव्हती. सरांचा प्रश्न होता, "मग यातले खरे कोणते?"

उत्तरासाठी आधी चकती समजून घ्यायला हवी. आपल्या कण्यात अशा २३ चकत्या असतात. प्रत्येकीचा मधला भाग म्हणजे पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत गर. भिजवलेला सब्जा जसा स्वतःभोवती पाणी धरून फुगतो, तसाच हा गर फुगलेला असतो. त्याच्याभोवती चिवट तंतूंचे पंधरा ते पंचवीस थरांचे कडे असते. एका थरातले तंतू उजवीकडे तिरके, तर पुढच्या थरातले डावीकडे. बाजेची वीण आठवा. प्रौढ माणसाच्या चकतीत, अगदी बाहेरची कड सोडली, तर रक्तवाहिन्या नसतात. अन्न आणि प्राणवायू शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतात. जखम भरून काढायला लागणारा माल इतक्या संथपणे पोहोचत असेल, तर चकतीची दुरुस्ती रेंगाळते यात नवल नाही.

दिवसभर उभे राहिल्याने व बसल्याने चकतीतले थोडे पाणी दाबून बाहेर जाते आणि रात्री झोपेत परत येते. हे वर्गात करून पाहता येईल. सकाळी उठल्याबरोबर घरी भिंतीला टेकून उंची मोजायची आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याच जागी पुन्हा मोजायची. सुमारे एक सेंटिमीटरचा फरक सापडतो. काही मुलांना सापडणार नाही. मोजताना डोक्यावरची पट्टी आडवी धरली होती का, ते त्यांना विचारावे.

चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजण्याचे काम स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात केले. १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून ते पुन्हा केले. आडवे पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका. उभे राहिल्यावर त्याच्या पाचपट. पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना तेवीसपट, आणि तेच वजन गुडघे वाकवून उचलले तर सतरापट. हे आकडे एकाच माणसाचे आहेत हे विसरू नये. शिवाय दाब वाढला म्हणजे इजा झालीच असेही नाही. निरोगी चकती असा दाब रोज सोसते.

कधीकधी मात्र कड्याला चीर जाते आणि गराचा तुकडा बाहेर येतो. पाठीचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. त्याचे शास्त्रीय नावही 'अश्वपुच्छ' याच अर्थाचे आहे. बाहेर आलेला तुकडा यातल्या एखाद्या नसेवर दाबला, की दुखते पायात. हीच सायटिका, आयुर्वेदातील गृध्रसी. या दुखण्याचे कारण फुटलेली चकती असू शकते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये ठामपणे मांडले. कारण सापडले, तुकडा काढता येऊ लागला, आणि पुढची कित्येक वर्षे कंबरदुखीचे सारे खापर चकतीवर फुटत राहिले.

एम.आर.आय. आल्यावर गुंता वाढला. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कमरेची अशी चित्रे काढली गेली. निम्म्याहून अधिकांत, म्हणजे ५२ टक्के लोकांत, कुठली ना कुठली चकती फुगलेली होती. २७ टक्क्यांत ती एका बाजूने पुढेही आली होती. ही माणसे ठणठणीत होती! पुढे २०१५ मध्ये अशा अनेक पाहण्या एकत्र करण्यात आल्या. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. केस पांढरे होणे आणि डोके दुखणे या दोन गोष्टी एकाच माणसाला असू शकतात. पहिलीमुळे दुसरी झाली असे आपण म्हणत नाही. चित्रातला दोष आणि पायातली कळ यांचा मेळ लागतो की नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवावे लागते. आमच्या सरांच्या बाबतीत तो लागत होता: जी नस चित्रात दबलेली दिसत होती, तिच्याच वाटेने कळ जात होती.

आता पायाळूकडे वळू. कंबर आणि सायटिका यांचे दुखणे चढते-उतरते असते. माणूस उपायाला जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा उतरतेच. शिवाय बाहेर आलेला तुकडा शरीरातल्या भक्षक पेशी हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसलेले आढळले. नुसत्या फुगलेल्या चकतीत हे प्रमाण १३ टक्केच होते. म्हणजे चित्रात जे सर्वात भयंकर दिसते, तेच बहुधा सर्वात चांगले विरघळते. अशा दुखण्यात जो शेवटचा उपाय केला, श्रेय त्याला मिळते. पायाळूची लाथ असो, पट्टा असो की महागडे इंजेक्शन. म्हणूनच 'मला गुण आला' एवढ्यावर भागत नाही. सारख्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात.

असे गट केल्यावर पहिली विकेट पडली ती सक्त विश्रांतीची. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. नव्याने कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस पलंगावर झोपवले, काहींना व्यायाम दिला, तर काहींना जमेल तितके नेहमीचे काम करा असे सांगितले. तिसरा गट सर्वात लवकर बरा झाला. सायटिकासाठीही १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन आठवड्यांची विश्रांती तपासली गेली. तिचा काही फायदा दिसला नाही.

शस्त्रक्रियेचे काय? नॉर्वेच्या वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेले पुढे होते. चार वर्षांनी फरक पुसट झाला, दहा वर्षांनी उरला नाही. नेदरलँड्समधील २००७ चा प्रयोग अधिक बोलका आहे. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करायची, बाकीच्यांनी थांबायचे आणि असह्य झाले तर मग करायची. लवकरच्या गटाला आराम पडायला मध्यमानाने चार आठवडे लागले, थांबणाऱ्यांना बारा. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. रोज वेदनेने रडू येणाऱ्या माणसाला आठ आठवडे वाचणे फार मोलाचे असते. मात्र थांबलो म्हणजे कायमचे अधू होऊ, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी नाही.

हे सारे पायातल्या कळेबद्दल झाले. पाय न दुखता नुसती कंबरच वर्षानुवर्षे दुखत असेल आणि चित्रात झिजलेली चकती दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. इथे काढायला नेमका तुकडा नसतो. दोन मणके एकमेकांना जोडून टाकणे हा एक मार्ग आहे. २००१ च्या स्वीडनमधील प्रयोगात त्याचा फायदा दिसला. पण तुलनेतल्या गटाला नेहमीचेच साधे उपचार होते. ब्रिटनमध्ये २००५ साली ३४९ रुग्णांत त्याची तुलना कसून घेतलेल्या व्यायाम-कार्यक्रमाशी केली, तेव्हा फरक किरकोळ निघाला. माझ्या मते, केवळ झिजलेल्या चकतीसाठी मणके जोडून घेण्यापूर्वी माणसाने असा कार्यक्रम मनापासून, महिनोन्‌महिने करून पाहिलेला असावा.

मध्येच एक पपईची गोष्ट सांगायला हवी. कच्च्या पपईने मटण मऊ होते हे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील लुइस टॉमस यांनी पपईतले पपेन सशांना शिरेतून टोचले, तर त्यांचे ताठ कान काही तासांत लोंबू लागले. कानातल्या कूर्चेचा कडकपणा गेला होता. चकतीचा गरही अशाच पदार्थांचा बनलेला. लायमन स्मिथ यांनी पपईतलेच दुसरे विकर माणसांच्या चकतीत टोचून गर विरघळवला आणि १९६४ मध्ये ते प्रसिद्ध केले. उपाय लागू पडत होता, पण काहींना प्राणघातक ॲलर्जी झाली आणि क्वचित नसांना इजा झाली. २००३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली. कल्पना मात्र मेली नाही: २०१८ मध्ये जपानने जिवाणूंपासून मिळवलेल्या, अधिक नेमके काम करणाऱ्या एका विकराला मान्यता दिली.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या आणि एकच एक कारण दाखवता न येणाऱ्या दुखण्यासाठी, मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दुखणे समजावून सांगणे, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार आणि गरजेपुरती दाहशामक औषधे यांना पाठिंबा आहे. वजन लावणे, कमरेचे पट्टे आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारात नकोत असे म्हटले आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात एक पट्टा खुंटीला लटकलेला असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. मणक्याजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने पायाची कळ काही आठवडे थोडी कमी होऊ शकते. त्यापलीकडे फारशी आशा ठेवू नये.

व्यायाम कोणता, यावर वाद घालण्यापेक्षा जो रोज होईल तो करावा. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवरील प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मार्गदर्शन देऊन चालणे हळूहळू वाढवायला लावले, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास या बेताने. दुखणे पुन्हा उलटायला त्यांना मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटाला ११२.

थांबणे धोक्याचे असते असे प्रसंग थोडे आहेत, पण ते पाठ असावेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा येणे. यांपैकी काही झाले तर अश्वपुच्छावर दाब आला आहे असे समजून त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पाऊल वर उचलेनासे झाले, चप्पल फरफटू लागली, तरीही वाट पाहू नये. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारे वजन किंवा पूर्वीचा कर्करोग असेल, तर कारण चकती नसून दुसरेच असू शकते. क्षयरोग मणक्यातही होतो आणि आपल्या देशात तो विसरून चालत नाही.

सरांच्या पायाची ताकद तपासली गेली. अंगठा वर उचलण्याचा जोर दोन्ही पायांत सारखा होता, लघवीची तक्रार नव्हती. त्यांनी थांबायचे ठरवले. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. ते तास उभ्यानेच घेत, कारण बसले की कळ वाढे. मग सकाळी शाळेच्या मैदानाच्या दोन फेऱ्या, पुढे चार, पुढे बाहेरचा रस्ता. तिसऱ्या महिन्यात पायातली कळ गेली. कंबर अजून अधूनमधून कुरकुरते, विशेषतः उत्तरपत्रिकांच्या दिवसांत. पट्टा त्यांनी कपाटात ठेवला आहे, आणि एम.आर.आय.चे ते चित्र आता शास्त्राच्या तासाला मणके शिकवताना खिडकीच्या काचेवर लावले जाते.