संगणकातील बिऱ्हाडे



संगणकावर नवे अवजार बसवणे पाच मिनिटांचे काम. ते काढताना मात्र कधी कधी आठवडा जातो. असे का होते, एवढेच आज सांगायचे आहे.

लिनक्ससारख्या यंत्रांत एका प्रोग्रॅमचे सामान सहसा एका जागी राहत नाही. चालवायची फाइल ‘बिन’ कप्प्यात, लायब्ऱ्या ‘लिब’मध्ये, माहितीची पाने ‘शेअर’मध्ये. लग्नघरी सगळ्यांच्या चपला दाराशी एकत्र पडाव्यात, तसा हा प्रकार! कोणती फाइल कोणाची, याची वही यंत्रापाशी असते खरी. डेबियनमध्ये ती ‘डीपीकेजी’ सांभाळतो. परंतु आपण बाहेरून आणून टाकलेल्या फाइलींची त्या वहीत नोंद नसते.

मी एकदा घाईने पायथनच्या नव्या लायब्ऱ्या थेट यंत्राच्या कप्प्यात उतरवल्या. यंत्राची स्वतःची काही कामेही त्याच पायथनवर चालत असतात, हे ध्यानात आले नाही. ती बंद पडली, रात्र दुरुस्तीत गेली आणि सकाळी द्यायचे काम राहिले ते राहिलेच. दोष माझाच, दुसऱ्याच्या कपाटात सामान कोंबले होते.

वस्तुतः वाटणी जुनीच आहे. लिनक्सच्या कप्प्यांचे पहिले मानक १९९४ साली निघाले. आजच्या मानकाप्रमाणे ‘यूएसआर’ हा विभाग वितरणाचा आणि त्यातला ‘लोकल’ घरमालकाचा, म्हणजे आपला. वितरणाची नवी आवृत्ती आली तरी तिने ‘लोकल’ला हात लावायचा नाही.

आता कोणी म्हणेल, ‘लोकल’मध्येही गर्दी होणारच. होते. म्हणून ‘स्टो’ नावाच्या साधनाची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक अवजाराला स्वतंत्र खोली द्यायची आणि ‘बिन’मध्ये तिच्याकडे बोट दाखवणारा नुसता दुवा ठेवायचा. अवजार नको झाले की दुवे काढा, खोली रिकामी करा. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. मॅकवरील ‘होमब्रू’ची रीत अशीच, त्या खोल्यांच्या जागेला त्याने ‘तळघर’ म्हटले आहे.

पायथनमध्ये २०१२पासून ‘वेन्व’ आहे: प्रत्येक कामाचे बिऱ्हाड वेगळे. २०२३च्या डेबियन १२पासून तर ‘पिप’ यंत्राच्या पायथनमध्ये काही बसवायला सरळ नकारच देतो. पुष्कळांना ही अडवणूक वाटते. माझ्यासारख्या पोळलेल्याला वाटत नाही.

खोली रिकामी केल्यावर एक जागा मात्र अवश्य पाहावी. पुष्कळ अवजारे बसताना आपल्या घरच्या कप्प्यातील एखाद्या लपलेल्या फाइलीत ‘पाथ’ची ओळ लिहून ठेवतात. अवजार गेले तरी ती ओळ तशीच राहते. ती आपल्यालाच हाताने पुसावी लागते.