समाधानी दांपत्य आणि उगारलेला हात

ज्या घरात पतिपत्नींचे पटत नाही त्याच घरात भांडणाचे पर्यवसान मारहाणीत होते, आणि जेथे परस्परांविषयी संतोष आहे तेथे अंगावर हात टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, ही समजूत इतकी सर्वमान्य आहे की तिची रीतसर तहकीकात करण्याची निकड मानसशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ भासली नाही. वैवाहिक सुखाचे मोजमाप मात्र त्यांनी फार पूर्वीच हाती घेतले होते. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९३८ साली ७९२ दांपत्यांच्या सुखदुःखाचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे १९५९ मध्ये लॉक आणि वॉलेस या दोघांनी अवघ्या पंधरा प्रश्नांची एक चाचणी सिद्ध केली, आणि तीत शंभरांहून कमी गुण पडलेले दांपत्य ढोबळमानाने दुःखी समजावे असा प्रघात पडला. घरखर्च, मित्रमंडळी, सासरची माणसे, आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी अशा बाबींत उभयतांचे कितपत जुळते, पुन्हा जन्म मिळाला तर याच माणसाशी लग्न कराल काय, अशी तिची विचारपूस असे. कोणी कोणास कधी ढकलले, थोबाडीत दिली, याची चौकशी त्या पंधरांत कोठेही नव्हती.

ती चौकशी बाकायदा सुरू केली न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्राउस यांनी. त्यांची प्रश्नावली १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची खुबी अशी की ‘तुमच्या घरी हिंसाचार होतो काय’ असे ती विचारतच नाही; गेल्या वर्षभरात मतभेदाच्या प्रसंगी वस्तू फेकून मारली काय, ढकलले काय, चापट मारली काय, लाथ घातली काय, शस्त्र उगारले काय, अशी एकेका कृतीची ती स्वतंत्र नोंद करते. जो मनुष्य स्वतःस हिंसक म्हणवून घेण्यास जन्मात तयार होणार नाही, तोही एकदा ढकलल्याची कबुली सहज देऊन जातो.

या दोन मापांची एकमेकांशी रुजवात घातली तेव्हा पहिली समजूत डळमळली. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे डॅनियल ओलिअरी व त्यांचे सहकारी यांनी लग्नाच्या उंबरठ्यावर असलेली २७२ जोडपी निवडून अडीच वर्षे त्यांचा मागोवा घेतला, आणि १९८९ साली जे प्रसिद्ध केले ते असे : विवाहापूर्वीच्या वर्षात शेकडा ३१ पुरुषांनी व शेकडा ४४ स्त्रियांनी आपल्या भावी जोडीदारावर कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे शारीरिक आक्रमण केल्याचे सांगितले होते; तीस महिन्यांनी हे प्रमाण अनुक्रमे २५ व ३२ वर आले. ही माणसे परस्परांस विटलेली नव्हती, उलट लग्नासाठी उत्सुक होती. स्त्रियांचे आकडे पाहून कित्येकांना भलताच आनंद झाला. परंतु चापटीची संख्या आणि चापटीचा परिणाम यांत महदंतर आहे, आणि गंभीर इजा व जिवाची भीती यांचा हिशेब मांडला की पारडे स्त्रियांच्याच बाजूला दुःखाने झुकते, ही गोष्ट त्या आनंदाच्या भरात विसरली जाते.

याहूनही मननीय वाटते ती ओलिअरींचीच १९९२ ची तपासणी. वैवाहिक उपचारासाठी दवाखान्यात आलेल्या स्त्रियांपैकी, आपली तक्रार स्वहस्ते लिहून देताना मारहाणीचा उल्लेख करणाऱ्या शेकडा ६ निघाल्या. समक्ष मुलाखतीत तसे सांगणाऱ्या ४४. आणि कृतींची यादी पुढे ठेवली तेव्हा खूण करणाऱ्या ५३. माणसे तीच, घरेही तीच. त्यांनी ही बाब दडवली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पुढील एका अभ्यासात अशा दांपत्यांना न सांगण्याचे कारण विचारले असता, ती मोठी अडचण आहे असे आम्हांस वाटले नाही, क्वचितच घडते, मूळ दुखणे दुसरेच आहे, अशी उत्तरे मिळाली. संवाद तुटल्याची फिर्याद घेऊन आलेल्या मनुष्याला थोबाडीत बसलेली चपराक हा त्या फिर्यादीचा एक किरकोळ तपशील वाटतो! समाधानाचे गुण ज्या मनाने दिले जातात त्याच मनाने हा तपशील किरकोळ ठरविलेला असतो, आणि म्हणून गुण चांगले आहेत एवढ्यावरून घर सुरक्षित असल्याची खातरजमा होत नाही.

दोहोंचा काही संबंधच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. असमाधानी जोडप्यांत आक्रमण अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. फक्त तो संबंध लोकसमजुतीइतका घट्ट नाही, आणि त्याची दिशाही पुष्कळदा उलटी असते. एरिका लॉरेन्स व थॉमस ब्रॅडबरी यांनी ५६ नवविवाहित जोडप्यांवर चार वर्षे लक्ष ठेवले. आरंभी आक्रमण असलेल्या जोडप्यांपैकी शेकडा ७० जणांचा संसार विस्कटला, नसलेल्यांपैकी ३८ जणांचा, आणि आक्रमण तीव्र स्वरूपाचे असेल तर ९३ जणांचा. भिंतीत मुरणाऱ्या ओलीप्रमाणे हा परिणाम आत बराच पसरल्यावर मग पृष्ठभागावर उमटतो.

समाधानाव्यतिरिक्त आणखी काय काय हात उगारायला लावते, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी चमत्कारिक साधनेही वापरली. ब्रॅड बुशमन यांनी २०१४ साली १०७ दांपत्यांना जोडीदाराची म्हणून एकेक बाहुली दिली आणि रोज रात्री रागाच्या मानाने तीत शून्यापासून ५१ पर्यंत टाचण्या खुपसण्यास सांगितले. एकवीस दिवसांच्या नोंदीत, ज्यांच्या रक्तातील साखर संध्याकाळी कमी त्यांच्या टाचण्या अधिक, असे दिसले, आणि वैवाहिक समाधानाचा भाग हिशेबातून वजा केल्यावरही ते टिकले. वर्तमानपत्रांनी यावरून उपाशीपोटी न भांडण्याचा सल्ला काढला. सल्ला निरुपद्रवी आहे. पण बाहुलीला टोचणे आणि माणसाला मारणे यांतील अंतर एका प्रयोगाने ओलांडता येत नाही.

शिवाय सर्व मारहाण एका जातीची नसते. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये भेद केला तो असा : एक प्रकार, जेथे वाद हातघाईवर येऊन निवळतो, आणि दुसरा, जेथे पैसा, जाणेयेणे, माहेरचा संबंध यांवर एकजण पद्धतशीर अंमल बसवितो आणि मारहाण हे त्या अंमलाचे केवळ एक हत्यार असते. पहिल्यात रागावर ताबा आणि संवादाचे शिक्षण उपयोगी पडण्याचा संभव आहे. दुसऱ्यात दोघांना एका टेबलाशी समोरासमोर बसवून मोकळेपणाने बोला म्हणणे धोक्याचे, कारण तेथे बोललेल्याचा जाब घरी गेल्यावर द्यावा लागतो.

स्ट्राउस यांच्या प्रश्नावलीचे सुधारलेले रूप आपल्याकडेही आले आहे. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीच कृतिनिहाय पद्धत वापरली जाते. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा २९ जणींनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच फेरीत काही ठराविक प्रसंगी पतीने मारणे योग्यच, असे मानणाऱ्या स्त्रिया शेकडा ४५ आणि पुरुष ४४ होते; ज्या स्त्रीला चपराक हा संसाराचा रिवाज वाटतो तिने समाधानाच्या चाचणीत शंभरांवर गुण दिले तर त्यांत नवल काय? हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या शेकडा १४ होत्या. हे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, तेही एकांतात विचारावयाचे, आणि एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून द्यावयाचा, असा त्या मुलाखतींचा नियम आहे.