जनावरांच्या पोटातील जंत

खडकीसारख्या कामगारवस्तीत पगाराला दुधाची जोड असली, तर घर सावरते. अशा घरातले पारडू दगावले की म्हैस पान्हा चोरते आणि महिन्याचा हिशेबच कोलमडतो. म्हणून आज जंतांविषयी बोलावयाचे आहे.

पारडाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, केस राठ होतात, शेण मातकट व दुर्गंधीयुक्त पडते. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, ते जंत होत. या गोलकृमींच्या अळ्या आईच्या दुधातूनच पारडाच्या पोटात जातात. तेव्हा पहिले औषध दहाव्या ते पंधराव्या दिवसांच्या सुमारास द्यावे. पायपराझिन त्यावर चालते.

मोठ्या गुरांचा शत्रू निराळा. यकृतातील चपटी कृमी आधी पाणगोगलगायीच्या अंगात वाढते, मग दलदलीतल्या गवताला चिकटून गुरांच्या पोटात शिरते. जनावर खंगते, जबड्याखाली सूज येते. तेथे पायपराझिन निरुपयोगी. औषधच वेगळे लागते. म्हणून आधी शेण तपासून घ्यावे, मग औषध.

मात्रा वजनावर ठरते. काटकसर म्हणून अर्धी मात्रा दिली, तर दुबळे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत देऊ नये. औषधानंतर किती दिवस दूध विकावयाचे नाही, हेही डॉक्टरांना विचारावे. ते दूध कोणाच्या तरी लेकराच्याच तोंडी जाते.

शेवटी, गोठा कोरडा ठेवा. जो शेण वेळेवर उचलतो, त्याचे निम्मे काम औषधाआधीच झालेले असते.