आधी किती कलते, मग किती पळते

कांजूरमार्ग पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरं आणि कांदळवन लागतं. त्यापलीकडची ठाण्याची खाडी थेट मुंबई बंदरात उतरते. पश्चिमेला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. रेल्वेच्या दोन्ही अंगांना समुद्राचा असा शेजार असूनही शिडाची बोट इथल्या बहुतेकांनी पाहिलेली असते ती गेटवेवरून, लांबूनच. आणि पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला: ही पळते किती?

लांब पल्ल्याच्या बोटीबाबत हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. याचा पुरावा मुंबईतच तयार झाला. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी बोट कुलाब्याला बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. असं करणारे ते जगातले पहिले. ही प्रदक्षिणा ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीतली होती. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पोहोचली एकटी सुहेली. तिच्याहून कितीतरी वेगवान असलेली नायजेल टेटली यांची तीन सांगाड्यांची ‘व्हिक्ट्रेस’ परतीच्या वाटेवर मोडली आणि बुडाली.

वेगाचं गणित आधी उरकून घेऊ. पाणी कापत जाणारी बोट स्वतःची लाट तयार करते. वेग वाढेल तशी ती लाट लांबते. लाटेची लांबी बोटीच्या पाणरेषेएवढी झाली, की बोट दोन शिखरांमधल्या खोलगटात अडकते. आणखी वेग हवा तर तिला आपणच उभा केलेला चढ चढावा लागतो, आणि जड बोटीला ते शिडांच्या बळावर सहसा जमत नाही. पाणरेषेची फुटांतली लांबी घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा: ही झाली नॉटमधली वेगमर्यादा. सुहेलीची पाणरेषा सुमारे २८ फूट, म्हणजे मर्यादा ७ नॉटच्या आसपास. पाणरेषा ४९ फुटांची असेल तर साडेनऊच्या जवळ. शिडं कितीही वाढवली तरी लांबीचा हा हिशेब फारसा चुकवता येत नाही.

प्रत्यक्षात मर्यादेपेक्षा सरासरी महत्त्वाची. सुहेलीने ३१२ दिवसांत जवळपास ३० हजार सागरी मैल कापले. म्हणजे दिवसाला शंभराच्या आत, ताशी जेमतेम चार. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ घेऊन अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईतच परतले. दीडशे दिवसांत सुमारे २३ हजार मैल, म्हणजे दिवसाला दीडशेच्या वर. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे याच बोटीतून वाटेत थांबे घेत एकट्याने जग फिरून आलेले पहिले भारतीय ठरले. त्या साऱ्या मोहिमेमागचा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा होता.

आता कलण्याकडे वळू. म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. तिची लांबी १७ मीटर, रुंदी ५, पाण्याखालची खोली अडीच, डोलकाठी २५ मीटर आणि वजन २३ टन. दोघींचा आराखडा नेदरलँड्सच्या व्हान डे स्टाट कंपनीचा. हे आकडे कलण्याबद्दल काय सांगतात, ते कळायला आधी एका जुन्या वादळाकडे जावं लागतं. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडदरम्यानच्या ‘फास्टनेट’ शर्यतीत ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक दगावले. अनेक बोटी पुरत्या उलट्या झाल्या होत्या. रुंद आणि हलक्या बोटी उलटल्यावर तशाच पडून राहण्याचा धोका जास्त, हे तेव्हा ठसलं. त्यातून अमेरिकेतल्या जाणकारांनी एक सोपी चाळणी काढली. बोट जेवढं पाणी बाजूला सारते त्याच्या घनफळाचं घनमूळ काढायचं आणि बोटीच्या रुंदीला त्याने भागायचं. उत्तर २ च्या आत हवं. तारिणीचे २३ टन म्हणजे समुद्राचं सुमारे २२.४ घनमीटर पाणी, त्याचं घनमूळ २.८२, पाचाला त्याने भागलं की १.७७. बोट चाळणीतून पार होते.

मात्र या चाळणीला वजन कुठे आहे ते कळत नाही. २३ टनांतलं शिसं तळाच्या कीलमध्ये आहे की तेवढंच ओझं छपरावर, तिला दोन्ही सारखंच. म्हणून खरी परीक्षा धक्क्यालाच, शांत पाण्यात होते. केबिनमध्ये वरून लांब ओळंबा सोडतात. त्याचं वजन झुलत राहू नये म्हणून ते तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवलेलं असतं. मग डेकवर मोजून ठेवलेली वजनं एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवतात आणि ओळंब्याची दोरी खालच्या पट्टीवर किती मिलिमीटर हलली ते टिपतात. दोरखंड सैल हवेत, टाक्यांतलं पाणी हिंदकळता कामा नये आणि बोटीवरच्या माणसांनी जागचं हलायचं नाही. या काही मिलिमीटरांवरून बोटीचा गुरुत्वमध्य निघतो. तिथून, बोट किती अंश कलली तरी सरळ होऊ पाहील आणि कुठल्या कोनानंतर उलटीच पडून राहील, याचा आलेख काढता येतो. मोठ्या समुद्रासाठीच्या बोटीत हा कोन ९० अंशांच्या बराच पुढे असावा लागतो. डोलकाठी पाण्याला टेकली तरी बोट उठली पाहिजे.

तरीही एक गोष्ट आराखड्याच्या हाती नसते. छोट्या प्रतिकृतींवरच्या चाचण्यांत दिसलं, की फुटणारी लाट आडवी आदळली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या साठ टक्क्यांवर गेली, तर जवळजवळ कुठलीही बोट उलटते. ३२ फुटी बोटीला त्यासाठी १९ फुटांची लाट पुरते, ५६ फुटीला ३४ फुटांची लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉमी सुहेलीच्याच धाटणीच्या, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वर होते. दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. कोसळूनही बोट पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली, म्हणूनच सुटका होईपर्यंत ते तग धरू शकले.

राहिला प्रश्न मोडतोडीचा. सुहेलीचं आपोआप दिशा धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या परिसरात निकामी झालं. पण तिची कील लांबलचक होती. शिडं नेमकी जुळवली की ती सुकाणूला हात न लावता वाट धरायची. तळाच्या फळ्यांतून पाणी येऊ लागलं तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले आणि फटीत कापूस ठासून, वर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून मोकळे झाले. २०१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांच्या फेरीत तारिणीचं सुकाणू बिघडलं. ती मॉरिशसला थांबली, दुरुस्ती झाली आणि मे महिन्यात गोव्याला परतली. त्याच तारिणीतून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच जग पालथं घातलं. सहांच्या जागी दोन माणसं आली, की अडचण हातांची होते: एक झोपली असताना दुसरीला वाऱ्यात एकटीने शीड आखडता आलं पाहिजे.

म्हणून बोट पाहायला गेलात, तर प्रश्नांचा क्रम उलटा करा. उलटली तर उठते का? यंत्र बंद पडलं तर वाट धरते का? थकलेल्या एका माणसाला आवरते का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तरच वेगाचा आकडा विचारण्यात अर्थ आहे.