घशाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

घशातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने निघाली, टाके सुकले, रुग्ण घरी परतला, म्हणजे घरच्या मंडळींस मोठे संकट टळल्यासारखे वाटते, व ते साहजिकच आहे. परंतु पुष्कळ रुग्णांची खरी परीक्षा त्यापुढेच सुरू होते. डोळ्यांस न दिसणारा रोगाचा अंश गाठीच्या आसपास राहिला असल्यास तो नष्ट व्हावा, म्हणून किरणोपचार सांगितला जातो. साधारणतः आठवड्यातून ५ दिवस, याप्रमाणे सहा आठवड्यांत ३० वेळा तो घ्यावयाचा असतो. यंत्राखाली काही मिनिटेच पडून राहावे लागते व त्या वेळी वेदना होत नाहीत. त्रास होतो तो मागाहून, आणि त्या त्रासापायीच उपचार अर्ध्यावर सुटण्याचे भय असते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड व घसा सोलवटल्यासारखा होतो, लाळ आटते, अन्नाची चव जाते, गिळताना डोळ्यांत पाणी येते. मानेची कातडी काळवंडते. शेवटच्या आठवड्यात आणि उपचार संपल्यानंतरही एक-दोन आठवडे हा त्रास ऐन भरात असतो. पुढे तो हळूहळू ओसरतो. आधी कल्पना नसलेला रुग्ण म्हणतो, ‘आता पुरे.’ येथेच घात होतो. खंड पडला की रोगाच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. वाया गेलेल्या एकेका दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे.

गुंजीसारख्या गावी या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. लोंढा-खानापूर लोहमार्गावरील या गावातून आठवड्याचे पाच दिवस बेळगावास जाऊन येणे, तेही खानापूर तालुक्यातील पावसाळ्यात, धडधाकट माणसासही सोपे नव्हे. पूर्वी आपल्या भागातील रुग्णास बहुधा १९४१ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागे. जानेवारी २०२५ मध्ये बेळगाव येथे के. एल. ई. संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. उपचार जवळ आला. तो पुरा करवून घेण्याची जबाबदारी मात्र आप्तस्वकीयांचीच आहे.

पहिला प्रश्न आहाराचा. गिळवत नाही म्हणून खाणे सुटते, वजन उतरते आणि अंगातील त्राण जाते. मुगाचे वरण व तूप घालून मऊ कालवलेला भात, दुधातील नाचणीची पेज, रव्याची खीर असे पदार्थ कोमट करून थोडेथोडे, दिवसातून सहा-सात वेळा द्यावेत. तिखट, चिंच, लिंबू व आमसूल वर्ज्य करावे. दर आठवड्यास वजन करावे. तराजूचा काटा भीड धरीत नाही, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. वैद्यांनी नाकातून नळी घालावयास सांगितल्यास तो अखेरचा उपाय समजून घाबरू नये. ती काही दिवसांची सोय असते.

आपल्या समाजात चौविहार, आयंबिल, उपवास यांचे नियम निष्ठेने पाळले जातात. परंतु या काळात रात्री सुकलेल्या घशास घोटभर पाणी लागते आणि पर्युषणातील उपवासाने वजन आणखी घटते. पच्चक्खाणातच शास्त्रकारांनी आगार, म्हणजे सवलती, ठेवल्या आहेत. रोगपीडेने चित्ताची समाधी ढळत असता औषधोपचाराची मुभा त्यांत आहे. म्हणून उपचारास आरंभ होण्यापूर्वीच रुग्णाने आपल्या गुरुमहाराजांस विचारून घ्यावे. मनात व्रतभंगाची टोचणी ठेवून घेतलेले अन्न अंगी लागत नाही.

दुसरी गोष्ट तोंडाच्या निगेची. एक लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ व एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. किडके दात किरणोपचारापूर्वीच दाखवावेत. मागाहून ते काढल्यास जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो. मानेवर वस्तरा, शेक किंवा हळदीचा लेप नको. जबडा उघडण्याचा व गिळण्याचा व्यायाम वैद्य सांगतील तसा रोज करावा. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली व पुढे किरणोपचारही झाले. तोंड उघडणे, गिळणे आणि बोलणे किती कष्टाचे झाले होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. तरीही त्यांनी उपचार पुरा केला आणि कामही सोडले नाही. उपचारानंतर काही महिन्यांनी गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते. तिची रक्ततपासणी ठराविक काळाने करीत राहावी.

आता एक कटू गोष्ट. निपाणीची पेठ तंबाखूवर वाढली आणि आपल्यांपैकी अनेकांच्या पेढ्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच हे सांगणे आमचे कर्तव्य ठरते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, किरणोपचार चालू असताना धूम्रपान करीत राहिलेल्या रुग्णांपैकी ४५ टक्क्यांचा रोग पूर्णपणे मावळला. न करणाऱ्यांत हेच प्रमाण ७४ टक्के होते. रुग्णास बिडी द्यावयाची नाहीच. त्याच्या खोलीत कोणी ओढूही नये.

आमची संघास विनंती एवढीच, की बेळगावात रुग्णालयानजीक दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवाव्यात. गुंजी, खानापूर, निपाणी येथील कोणाही रुग्णास, मग तो आपल्या धर्माचा असो वा नसो, सहा आठवडे तेथे राहता यावे. मऊ भात रांधणारे कोणी तेथे असावे, आणि त्याचे दुकान तोवर शेजारच्या व्यापाऱ्याने सांभाळावे. औषधदान व अभयदान यांचा महिमा आपण नित्य ऐकतो. ती दोन्ही दाने येथे एकाच कार्यात घडतील.